इस्त्रीच्या टेबलांना वन्स मोअर

सिनेमा लॉन्ड्रीत काम करणाऱ्या एका मुलीचा होता. ती फारसं बोलत नाही, दुसऱ्यांच्या कपड्यांना इस्त्री करते आणि करता करता एक गाणं गुणगुणते. मी तो तेराव्या वर्षी दुबईजवळ अजमानमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये पाहिला आणि मला वाटलं, ही गोष्ट माझीच आहे. आमचे इस्त्रीचे कपडे खालचा दुकानदार नेतो, तेवढं सोडलं तर.

बारा वर्षांनी कळलं की त्या सिनेमाचं संगीत नाटक होऊन ब्रॉडवेवर येतंय. मी आता दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कंपनीत काम करते आणि मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवते. पण त्या सिनेमाच्या चाहत्यांचा इंटरनेटवर एक ग्रुप आहे, त्यात मी कॉलेजपासून आहे. तिथे माझं नाव 'स्टार्च'. स्टार्च फार धीट आहे. स्टार्चने एकदोघांना रडवलेलं आहे. पण हा स्टार्च मुलगा की मुलगी, कुठल्या देशात राहतो, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मला ते तसंच हवं होतं.

नाटक सुरू होण्याआधी अमेरिकेतल्या एका सकाळच्या टीव्ही कार्यक्रमात त्यातली दोन गाणी दाखवणार होते. ग्रुपचा निकाल मात्र आधीच लागला होता: वाटोळं केलं. कुणी काहीही पाहिलेलं नव्हतं. फक्त एक फोटो आला होता. त्यात मुलीचा ॲप्रन निळा होता. सिनेमात तो राखाडी आहे. त्या निळ्या रंगावर मी स्वतः आठ परिच्छेद लिहिले होते.

त्या आठ परिच्छेदांनीच घात केला. ग्रुप चालवणारी बाई कॅनडात राहते. तिने ठरवलं की गाणी संपताच सगळ्यांनी व्हिडिओवर भेटायचं आणि सुरुवात स्टार्चने करायची. चेहरा दाखवून, दोन मिनिटं. मी लगेच 'हो' लिहून पाठवलं. लिहिताना मला धीर कधीच कमी पडत नाही. फोन खाली ठेवल्यावर पडतो.

न्यूयॉर्कची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ. शुक्रवार होता, त्या दिवशी मी ऑफिसचं काम घरून करते. साडेचारला गाणी, पाचला भेट. आई-बाबा इथल्या मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमीला शारजाला जाणार, म्हणजे घर रिकामं. मंडळाने यंदा संगीत नाटक घेतलं होतं आणि आई त्रेपन्नाव्या वर्षी सोळा वर्षांची नायिका होती. मागच्या वर्षी मी तिला प्रॉम्प्टिंग केलं होतं. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मी जोडाक्षरापाशी जरा थांबते. मी थांबले तेवढ्यात आईने स्वतःची दोन वाक्यं घातली आणि टाळ्या घेतल्या. तेव्हापासून मी तालमीला गेले तरी चहाच देते.

मी दोन मिनिटांचं बोलणं कागदावर लिहून लॅपटॉपच्या कडेला चिकटवलं. पहिलंच वाक्य होतं, 'आज माझं मन मोडलं आहे.' गाणी अजून व्हायची होती.

चार वाजता बेल वाजली. दारात तबल्याची पिशवी घेऊन चाचा उभे. चाचा मूळचे रत्नागिरीचे, अजमानमध्ये त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि मंडळाचा तबला त्यांच्याकडे आहे.

"शारजाच्या हॉलचा एसी खलास," ते म्हणाले. "आजची तालीम तुमच्याकडे. तुला ठाऊक नाय?"

आईने घरच्या ग्रुपवर कळवलं होतं. घरचा ग्रुप मी म्यूट केलेला होता.

पाठोपाठ पेटीवाले काका आले. ते बँकेत आहेत आणि सगळ्या जगाचे सूर तपासतात. मी आत जाऊन बसले असते, पण माझ्या खोलीत वायफाय पाहुण्यासारखं येतं आणि लगेच निघतं. मी हॉलच्या टीव्हीसमोर बसून राहिले.

"काय गो, काय बघतंस?" चाचांनी विचारलं.

"काही नाही. एक इंग्लिश नाटक आहे."

"संगीत?"

"हो."

हे 'हो' चुकलं. चाचांनी पिशवी खाली ठेवली. काका सोफ्यावर सरकून बसले. आई चहा घेऊन आली ती तिथेच टेकली, आणि बाबांनी रिमोट हातात घेतला, कारण आमच्याकडे रिमोट हे त्यांचं खातं आहे.

बऱ्याच जाहिरातींनंतर एकदाचं गाणं सुरू झालं. चाकं लावलेली वीसेक इस्त्रीची टेबलं दोन्ही बाजूंनी घरंगळत आली आणि नाचू लागली. माझा फोन थरथरायला लागला. 'टेबलं???' 'मी टीव्ही बंद केला,' असं एकाने लिहिलं आणि पुढची तीन मिनिटं तो काय काय दिसतंय ते लिहीत राहिला. मीही एका हाताने लिहिलं, 'हे पाप आहे.'

"टेबलं कशाला?" आई म्हणाली.

"गप ओ वहिनी, पोर गातेय," चाचा म्हणाले.

तोपर्यंत टेबलं थांबली होती. नाचणारे जिथल्या तिथे उभे राहिले आणि ती मुलगी निळ्या ॲप्रनमध्ये, इस्त्री हातात धरून, एकटीच गात होती. शेवटचा सूर तिने लांबवला आणि तो संपण्याआधीच तिथल्या प्रेक्षकांनी टाळ्या मारल्या.

"अहो, थांबा की!" काका टीव्हीवर ओरडले. "सूर संपू द्या!"

चाचांनी मांडीवर थाप मारली. "वन्स मोअर!"

बाबांनी तत्काळ गाणं मागे नेलं.

"बाबा! लाइव्ह आहे ते!"

"असू दे. मागे जातं."

त्यांचा दोष नव्हता. पदाला वन्स मोअर मिळाला की ते पुन्हा व्हायलाच हवं, हा आमच्या घरातला कायदा आहे. नायिका मरून पडली असली तरी उठून गाते. तर मग टीव्हीला वेगळी सवलत का द्यावी?

दुसऱ्या वेळी मी फोन पालथा ठेवला, निव्वळ चिडून. त्यामुळे मला गाणं ऐकू आलं. ती थांबलेली माणसं मी पहिल्या वेळी पाहिलीच नव्हती. ती नुसती थांबली नव्हती, तिच्याकडे वळून ऐकत होती. मी खाली बघितलं. पण आईने पाहिलं होतं.

"मी आत कांदा चिरलाय," ती सगळ्यांना म्हणाली. "फार झोंबतोय ना?" आणि टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला. त्या दिवशी जेवायला बाहेरून मागवलेलं होतं.

"अजून एकदा," चाचा म्हणाले. "ठेका बघायचा राहिला." तिसऱ्या वेळी त्यांनी आमच्या उशीवर साथ केली.

आणि पाच वाजले. दुसरं गाणं आम्ही पाहिलेलंच नव्हतं. लॅपटॉप वाजायला लागला.

पडद्यावर सतरा चेहरे होते, सगळे सुतकात असल्यासारखे. एकजण तर राखाडी ॲप्रन घालून आला होता. मी कॅमेरा चालू केला. माझ्या मागे चाचा तबल्यावर हातोडी मारत होते.

"अच्छा, म्हणजे तू स्टार्च!" कॅनडाची बाई म्हणाली. तिला बहुधा कुणीतरी उंच अपेक्षित होतं. "सांग, दुसऱ्या गाण्याचा शेवट कसा वाटला?"

"आम्ही अजून तिथवर पोचलो नाही."

"इंटरनेट गेलं?"

"नाही. घरच्यांनी पहिलंच गाणं परत मागितलं. दोनदा."

"कुणाकडे मागितलं?"

"टीव्हीकडे."

मी कागदाकडे पाहिलं. 'आज माझं मन मोडलं आहे.' नुसतं वाचायचं होतं. सतराही जणांना तेच ऐकायचं होतं, आणि ते वाचलं असतं तर स्टार्च स्टार्च राहिला असता.

"जे वाटलं ते सांग ना," मागून आई मराठीत म्हणाली. "मग रडलीस कशाला एवढी?"

पडद्यावरच्यांना मराठी कळत नव्हतं. मला कळत होतं.

"मला आवडलं," मी म्हणाले. आवाज आमच्या वायफायसारखा येत-जात होता. "टेबलं मूर्खपणाची आहेत. पण सिनेमात ती गुणगुणते तेव्हा तिचं कुणी ऐकत नाही. इथे वीस माणसं काम टाकून तिचं ऐकतात. मला वाटतं, तिला ते हवं असणार."

"पण ॲप्रन निळा आहे!" राखाडी ॲप्रनवाला म्हणाला.

"हो. त्यावर मी आठ परिच्छेद लिहिलेत. सॉरी. निळा तिला शोभतो."

तो भेट सोडून निघून गेला. खाली चॅटमध्ये कुणीतरी 'फितूर' अशा अर्थाचं काही लिहिलं. मग एका मुलीने मला एकटीलाच लिहिलं, 'मलाही आवडलं, कुणाला सांगू नकोस.' माझी दोन मिनिटं पन्नास सेकंदांत संपली होती. उरलेल्या वेळासाठी कॅनडाच्या बाईने विचारलं की मागचे तबलावाले गृहस्थ काही बोलतील का. चाचा सहा मिनिटं बोलले, हिंदीत.

साडेपाचला तालीम सुरू झाली. आई पहिलं पद म्हणायला उभी राहिली.

"तालमीत कुणीतरी वन्स मोअर द्यायला पायजे," चाचा म्हणाले. "नायतर पद परत कुठून उचलायचं ते वहिनींना कळत नाय. यल्ला, चल, तू दे."

हे ते दर तालमीला म्हणतात आणि दर वेळी मी 'मी नको' म्हणून कप गोळा करते. त्या दिवशी मी भिंतीला टेकून उभी राहिले, आई वरच्या सुरावर गेली, तो तिने धरला, आणि मी ओरडले, "वन्स मोअर!"

चाचांचा हात हवेत राहिला. आईचं तोंड उघडंच होतं. सूर संपायला अजून अख्खं आवर्तन बाकी होतं.

"सूर तरी संपू दे गं!" काका पेटीवरून म्हणाले. "झाली ही पण अमेरिकन."

"असू दे हो," आई म्हणाली. "पहिल्यांदाच दिलाय तिने." आणि तिने पदर सारखा करून पद पुन्हा पहिल्यापासून धरलं.