‘बिसीच’ची एकोणपन्नास वाक्यं

शीटमधली अकरा वाक्यं पुन्हा लाल झाली होती. लाल म्हणजे नापास. रिव्ह्यूअरने, म्हणजे क्लायंटकडून आमचं काम तपासणाऱ्या बाईने, प्रत्येकापुढे एकच शब्द टाकलेला : निगेटिव्ह.

वागळे इस्टेटमध्ये माझं भाषांतराचं ऑफिस आहे. टायपिंगच्या जॉबवर्कपासून सुरुवात केली, आज नऊ माणसं आहेत. इंग्रजी शिकवणाऱ्या एका ॲपचं काम आलेलं. वापरातून गेलेली इंग्रजी क्रियापदं घ्यायची आणि प्रत्येकाची पन्नास वाक्यं करायची, आजच्या जगातली. बँक, लिफ्ट, मोबाइल, काहीही चालेल, राजे-राण्या नकोत. पहिलं क्रियापद होतं ‘बिसीच’. म्हणजे कळवळून विनवणं, पदर पसरणं.

काम मी सबनीस सरांना दिलं. डोंबिवलीच्या शाळेत त्यांनीच मला इंग्रजी शिकवलं. मिठागरावरच्या माणसाचा मुलगा इंग्रजीवर पोट भरतो तो त्यांच्यामुळे. सर आता चौऱ्याहत्तरचे. त्यांची बायको तेव्हा मानपाड्याजवळच्या एका हॉस्पिटलात आयसीयूत होती. हे मला माहीत होतं. सर तिथल्याच बाकावर बसून वहीत वाक्यं लिहायचे आणि फोटो काढून पाठवायचे.

वाक्यं अशी, मराठीत सांगतो. ‘त्याने डॉक्टरांना विनवलं, अजून दोन दिवस थांबा.’ ‘तिने नवऱ्याला विनवलं, मला घरी ने.’ ‘त्याने वॉचमनला विनवलं, वेळ संपली तरी पाच मिनिटं वर जाऊ दे.’

मी फोन लावला.

“सर, जरा हसरं लिहा ना. पिझ्झा, सेल, मॅचचं तिकीट. गिऱ्हाइकाने डिस्काउंटसाठी मॅनेजरला बिसीच केलं, असं काहीतरी.”

“अरे म्हात्रे, डिस्काउंटसाठी कोणी बिसीच करतं का? तू करशील?”

“मी कशासाठीच नाही करणार.”

“बरोबर. तू घासाघीस करतोस. तुझ्या हातात काहीतरी असतं. हातात काहीच उरलं नाही की मग हा शब्द लागतो.”

“हे ॲपवाल्यांना कोण समजावणार?”

“तू. एजन्सी तुझी आहे.”

“काकू कशा आहेत?”

“काल ओळखलं मला.”

“छान,” मी म्हणालो आणि परत डेडलाइनवर आलो.

क्लायंटचा नियम होता. तीन बॅच नापास झाल्या की लिहिणाऱ्याचं नाव पॅनलवरून कट. पुन्हा काम नाही. सरांच्या दोन झालेल्या. तिसरी पाठवण्याआधी मी रिव्ह्यूअरला फोन केला. नेहा मॅडम, वय पंचविशीचं.

“मॅडम, वाक्यात चूक दाखवा.”

“चूक नाहीये सर. पण वाचून युजर डिप्रेस होतो.”

“मग ‘रिक्वेस्ट’ शिकवा त्याला! तुमच्याकडे लोक हसत हसत पाया पडतात का?”

“सर, आवाज खाली.”

आवाज वर गेला. तिने मॅनेजरला लाइनवर घेतलं. तो लोण्यासारखा बोलला, “म्हात्रेजी, पुढची चाळीस क्रियापदं तुम्हालाच देतो. फक्त ही व्यक्ती बदला.”

लिहिणाऱ्याची बायको शेवटाला टेकलीये, म्हातारा बाकावर बसून लिहितोय, एवढी बॅच जाऊ द्या. एवढंच बोलायचं होतं. पण मला विनवता येत नाही. देवाणघेवाण येते. चाळीसची साठ करून घेतली आणि सरांचं नाव सोडलं.

“सर, थोडे दिवस आराम करा,” मी कळवलं.

“नाव काढलं का?”

“तसंच.”

“बरं. पन्नासावं राहिलंय, ते देतो लिहून.”

“आता नको, सर.”

“अरे, घेतलेलं काम आहे.”

ते आलं नाही. चौथ्या दिवशी काकू गेल्या. दिवस झाल्यावर मी डोंबिवलीला गेलो. वही टेबलावरच होती. पन्नासचा आकडा घातलेला, पुढे कोरं.

“त्या सकाळी लिहायला बसलो होतो,” सर म्हणाले. “मग विनवायचं कोणाला तेच कळेना. चहा घेतोस?”

मी घेतला. त्या घरात एवढा गोड चहा कधीच नसायचा. किती साखर घालायची ते सरांना माहीत नव्हतं.

त्यांच्या वाक्यांच्या जागी आमच्या ऑफिसने एका दुपारी पन्नास पाडली. सगळी हिरवी. ॲपवर आज पहिलं वाक्य दिसतं ते असं : ‘मी वेटरला विनवलं, चीज जास्त घाल.’ साठ क्रियापदांपैकी आमच्याकडे अकरा आली. मग कंपनी मशीनकडून वाक्यं घ्यायला लागली. आम्हाला दोन ओळींची मेल. त्या मॅनेजरचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही, जाणारही नाही.

नवीन माणसं मला सौदा कसा करायचा ते विचारतात. मी सांगतो, आपल्या बाजूने काय टाकतोय ते आधी बघा. त्या दिवशी मी जे टाकलं, ते माझं नव्हतंच.