पोपना विचारतात तो दुसरा प्रश्न

मुक्ताचा फोन आला तेव्हा मी कुवेत सिटीतल्या ऑफिसात होते. "आई, पप्पा गेले," एवढंच ती म्हणाली. पप्पा म्हणजे तिचे सासरे, माझे व्याही सायमनभाऊ. हृदयाचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं, आदल्या संध्याकाळी त्यांनी मागून घेऊन पेज खाल्ली होती, आणि सकाळी... कुणाची चूक नव्हती, असं कधीकधी होतं, असं डॉक्टर म्हणाले. खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, भीती वाटली. मुक्ताला आठवा महिना होता, आणि मुलगा झाला तर त्याला द्यायचं म्हणून त्या घरात एक नाव केव्हाचं ठरलेलं होतं. ते नाव आता गेलेल्या माणसाचं झालं होतं.

सायमनभाऊ वसईचे. कुवेतच्या बंदरातून माल सोडवणाऱ्या कंपनीत त्यांची हयात गेली. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. मुक्ता त्यांच्या रोशनशी लग्न करते म्हणाली तेव्हा मी, नाशिकची सोवळ्याओवळ्यात वाढलेली बाई, दोन वेळा जेवले नव्हते. हा गृहस्थ स्वतःच आमच्या घरी आला, टेबलावर सुकेळ्यांचा पुडा ठेवला आणि म्हणाला, "विहीणबाई, पोरांनी प्रेमात पडताना आपल्याला विचारलं नाही. आता आपण भांडून काय उपयोग? खा, गोड आहेत." मला हसू आलं आणि तिथेच मी हरले.

नव्या पोपची निवड चालू होती तेव्हा इथल्याच फिंतास भागातल्या त्यांच्या घरी आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो होतो. पडद्यावर नुसतं एक धुराडं, निवड झाली की त्यातून पांढरा धूर निघतो म्हणे. मी कंटाळून विचारलं, "हे लोक आपलं नाव का हो बदलतात?" भाऊंना असा प्रश्न म्हणजे पर्वणीच. म्हणाले, निवड झाली की त्या माणसाला आधी विचारतात, तुम्हाला मान्य आहे का. तो हो म्हणाला की लगेच दुसरा प्रश्न, कोणत्या नावाने तुम्हाला ओळखायचं? नियम असा काही नाही. कुणी आवडत्या संताचं नाव घेतो, कुणी आधीच्या एखाद्या पोपचं, ज्याच्यासारखं काम करावंसं वाटतं त्याचं. पूर्वी आपलंच नाव चालवायचे. मग एक जण असा निवडला गेला की त्याचं नाव होतं एका जुन्या रोमन देवाचं. ते कसं चालायचं? त्याने बदललं, आणि पुढे हळूहळू तीच रीत पडली. पीटर हे नाव मात्र पुन्हा कुणी घेतलं नाही, पहिल्या पोपची बरोबरी करायची कुणाची छाती होत नाही. "आणि तो पीटर मुळात कोण? सायमन! येशूने त्याचं नाव बदललं. त्याने टाकलेलं मी वापरतोय."

मी म्हटलं, "म्हणजे सगळी मेलेल्या माणसांचीच नावं. भीती नाही वाटत?" ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, "वाटते ना. निवड होते तिथे बाजूलाच एक खोली आहे, अश्रूंची खोली म्हणतात तिला. पांढरा झगा चढवायला नव्या पोपना तिथे नेतात. भलेभले रडलेत तिथे. गेलेल्या माणसाचं नाव घेतलं की तेवढाच आधार वाटत असेल."

मुक्ताला दिवस गेले आणि पुढे काही महिन्यांनी भाऊंचं ऑपरेशन ठरलं. पहिल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायचं, ही त्यांच्याकडची रीत. आजोबा समोर बसलेले असले तरी. आमच्याकडे असं कोणी करत नाही. जिवंत माणसाचं नाव बाळाला ठेवणं म्हणजे त्याला चल म्हणण्यासारखंच. "शुभ बोला हो," मी म्हटलं, "तुम्ही चांगले धडधाकट असताना तुमचं नाव कशाला?" ते नेहमीसारखे हसले नाहीत. स्वयंपाकघराकडे एकदा बघून हळूच म्हणाले, "मला फार भीती वाटते ऑपरेशनची. घरात बोलू नका." "नावाची सक्ती नको," ते पुढे म्हणाले. "पोपनासुद्धा कुणी सांगत नाही अमुकच घ्या म्हणून. ज्याला घ्यायचं त्याने घ्यावं."

त्यांना मातीसाठी वसईला नेलं. रोशन गेला, माझी विहीण मोनिकाताई गेली, सोबत माझे यजमानही गेले. मुक्ताला विमानात बसता येत नव्हतं, म्हणून मी तिच्यापाशी राहिले. आणि दिवस भरायच्या आतच तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. मुलगा झाला. एवढासा, तळहाताएवढ्या छातीचा, काचेच्या पेटीत नळ्या लावलेला. मुक्ता अजून गुंगीत होती. डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही. मी वसईला फोन लावला. तिकडे रोशन रडत होता. "आई, फादर येईपर्यंत थांबू नका. अशा वेळी बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं, ख्रिस्ती नसलं तरी चालतं. सिस्टरकडून पाणी घ्या, कपाळावर सोडा आणि नाव घ्या."

"कुठलं नाव रे?"

"तुम्हीच ठरवा, आई... माझ्याच्याने नाही होत."

केरळची नर्स होती, तिने वाटीत पाणी आणलं आणि काय म्हणायचं ते हिंदीत सांगितलं. मग तीही थांबली, "नाम क्या है?" आजोबा गेले, त्यांच्या मातीवरची फुलं अजून सुकली नसतील, आणि त्यांचंच नाव या जिवाला? नावापाठोपाठ तेही याला घेऊन गेले तर? दुसरं एखादं नाव आठवू म्हटलं तर देवाशपथ एकही आठवेना. मग वाटलं, हा एवढासा जीव एकटाच आहे पेटीत. कुणीतरी मोठं माणूस असू दे याच्याबरोबर. मी पाणी सोडलं आणि म्हटलं, "सायमन..." पुढचे शब्द नर्सच्या मागोमाग म्हणत गेले. बाळाने कपाळ आक्रसलं.

तो वाचला. आता फिंतासला घरी आहे, रडतो, दूध ओकतो. माझी भीती मात्र गेलेली नाही. तो झोपला की मी नाकापुढे बोट धरून बघते. मुक्ता म्हणते, आई, पुरे आता.

मोनिकाताई वसईहून परतली तेव्हा बाळाला मांडीवर घेऊन बसली. मुक्ता म्हणाली, "मम्मी, हाक मारा ना त्याला." मोनिकाताईने माझ्याकडे पाहिलं. जुन्या वळणाची बाई. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव तिने एकदाही तोंडाने उच्चारलेलं नाही. ओठ हलले, नाव काही आलं नाही. बाळ कुरकुरायला लागलं तशी ती लगबगीने त्याच्यावर वाकली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हळूच म्हणाली, "अहो... भूक लागली का?"