कलमाची सावली

मालकाने छत्रीच्या टोकाने माझ्या डोक्यावरची टोपी उडवली. त्यासाठी त्याने आधी छत्री मिटली. तेवढा वेळ तोही उन्हात उभा राहिला.

"खंयसून हाडलंस ही?"

 चार माणसांत मला बोलता येतच नसे. नवीन लग्न झालेलं, गाव परका, त्यात समोर मालक.

"कलमाची सावली चोरलंस?"

टोपी म्हणजे काय, तर चुडताच्या, माडाच्या झावळीच्या, टाकून दिलेल्या पात्या. हापूसच्या कलमांना सावलीसाठी बांधायचे झाप विणून उरलेल्या. त्या मी डोक्याच्या मापाने विणल्या होत्या. संध्याकाळी कोणीतरी त्या चुलीतच घातल्या असत्या.

"घाल ती कलमार."

मी टोपी उचलली. जवळच्या कलमाच्या शेंड्यावर ठेवली. ती एका बाजूला घसरली. मालक म्हणाला, "नीट घाल." मी नीट घातली. त्याच्यासोबत शहरातून आलेला एक साहेब होता, सोला हॅट घातलेला. तो म्हणाला, "ऊन फारच आहे हो इथे. या बायकांना त्रास होत असेल."

मालक त्याच्याशी शुद्ध बोलायचा. "छे हो. यांना नाही लागत. जन्माची सवय."

मग दोघे पलीकडच्या जांभळीखाली गेले. तिथे त्यांच्यासाठी गूळपाणी ठेवलेलं होतं. जांभळीच्या सावलीत आम्ही बसायचं नाही, असा नियम होता.

सुंदरा म्हणून एक बाई आमच्यात होती, तोंडाची फटकळ. ती हसून म्हणाली, "फुडल्या वर्सा तुझ्या डोक्यार हापूस लागतले गो!" सगळ्या हसल्या. माझी सासू हसली नाही. खाली बघून आळी करत राहिली.

चूक माझी अशी झाली, की मला त्या गावची रीत माहीत नव्हती. माझं माहेर आचऱ्याकडे, खाडीच्या तोंडाशी. तिथे वाळूवर मासे सुकवणारी प्रत्येक बाई चुडताची टोपी घालते. त्यात मोठं काही नाही. भाकरी थापावी तशी ती टोपी आम्ही विणतो. इथे आमच्या वाडीच्या माणसाने मालकासमोर डोक्यावर काही घ्यायचं नाही. पुरुषांनी मुंडासं काढून काखेत धरायचं. बायांनी पदर घ्यायचा, त्यावर काही नाही. त्याच्या घरावरून जातानासुद्धा तसंच. पावसातसुद्धा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण ते सांगावं लागतं असं कोणाला वाटतच नव्हतं.

काम कसलं होतं तेही लिहिते. गावाच्या वर सडा. नुसता जांभा कातळ. सुरुंग लावून त्यात खड्डे पाडलेले, खालची माती आणून भरलेली, आणि त्यात हापूसची कलमं. पहिल्या उन्हाळ्यात कलम फार नाजूक असतं. म्हणून आम्ही चुडतं विणून झाप करायचो आणि प्रत्येक कलमाला दोन झाप तिरके टेकवून बांधायचो. दुपारचं ऊन ज्या बाजूने येतं त्या बाजूला दाट झाप. मुळाशी गवत पसरायचं, कातळ तापतो म्हणून. खालच्या व्हाळातून घागरीने पाणी आणून घालायचं. मुकादम प्रत्येक कलमाशी वाकून बघायचा. पान कोमेजलं का, झाप सरकला का. आमच्या तोंडाकडे त्याने कधी तसं बघितलं नाही.

टोपी गेल्यावर मी पदर दुमडून घेतला. पातळ लुगडं ते. वाकलं की मानेवर ऊन बसायचं. घरी गेलं की डोकं ठणकायचं, पोटात काही ठरायचं नाही. सासू म्हणायची, "होता सवय."

तिला सवय झालीच होती, असं मीही धरून चालले.

वैशाख लागला होता. व्हाळ आटत आला, म्हणून पाण्याला लांब जावं लागे. सासू वर आली, घागर उतरवली आणि कलमाला पाणी घालायच्या ऐवजी कातळावर ओतू लागली. मी म्हटलं, "आये, खंय ओततास?" ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलली, त्याला अर्थ नव्हता. मग खाली बसली. मग आडवी झाली. तिचं अंग हाताला लागलं तर तव्यासारखं, आणि घाम नाही. एक थेंब नाही.

बाया जमल्या. सुंदराने पदर ओला करून तिच्या कपाळावर ठेवला. जांभळ लांब होती, आणि तिथे जायला कोणी तयार नव्हतं. सगळ्या मुकादमाची वाट बघत होत्या. तिला सावलीत न्यायला त्याची परवानगी हवी होती.

माझ्या शेजारी कलम होतं. त्याला झाप होता, मीच सकाळी बांधलेला.

मी तो उपसला. दुसऱ्याचाही. तिसऱ्याचाही. सासूच्या अंगावर तिरके उभे केले. कलमाला करतो तसेच. कातळ खालून भाजत होता म्हणून कलमांच्या मुळाचं गवत ओढून तिच्या पाठीखाली घातलं. कलमाचं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. कोणी मला अडवलं नाही, कोणी हातही लावला नाही.

मुकादम धावत आला. "गो, येडा लागला काय तुका? कलम करपला तर मालकाक काय सांगू?"

माझा आवाज फुटला. कसा, माहीत नाही. थरथरत होता.

"हय माणूस करपता."

एवढंच बोलले. तो गप्प झाला असं कोणी समजू नये. तो म्हणाला, "बांध ते झाप. आताच्या आता." मी बांधले नाहीत. सुंदराने बांधले. तिला पोरं होती. सासू तेव्हा शुद्धीवर आलेली नव्हती. त्या उन्हात मी तिला पाठीवर घेऊन घाटी उतरले.

ती वाचली, पण पहिल्यासारखी झाली नाही. उजेडात आली की डोळे गच्च मिटायची. बोलताना शब्द विसरायची. मीठ म्हणायचं असलं की "ता पांढरा" म्हणायची. पण एक गोष्ट विसरली नाही.

"कित्याक केलंस गो? मालकाच्या पाया पड. उद्या आमी खंय जातलंव?"

हे ती रोज म्हणायची. जिच्यासाठी केलं, तीच म्हणायची. नवरा मचव्यावर खलाशी असे, घरी आला की तोही तेच. मला चीड मालकाची येई तेवढीच यांचीही येई. मग स्वतःचीच येई, कारण पुढे बोलायला शब्द नसत. मी पाया पडायला गेले नाही. त्या सड्यावरचं माझं काम सुटलं ते सुटलं. मी सुकटी विकली, काजू फोडले, त्याच्या तेलाने हात जाळून घेतले.

पुढे कूळकायद्याने खाली काहींची शेतं झाली. सडा मालकाचाच राहिला. मग नवं राज्य झालं, शाळेत पोरांना पेढे वाटले. सड्यावर बाया उघड्या डोक्यानेच होत्या. सुंदराही.

गेल्या पावसात मालकाच्या मुलाने नवी कलमं लावली, या उन्हाळ्यात त्यांना झाप हवे. मुकादम तोच. आमच्या दारात आला. "माणसा कमी पडतत. येतंस काय? नायतर चेडवाक धाड." चेडू म्हणजे माझी मुलगी, आता कामाच्या वयाला आलेली.

मी म्हटलं, "टोपी घालून येतलंय. मालक इले तरी काढूचंय नाय. आणि दुपारी जांभळीखाली बसतलंय."

तो हसला. "अजून तीच काय गो?" आणि शेजारच्या दारात गेला. शेजारची गेली. तिच्या पाठोपाठ आणखी गेल्या. एकही माझ्याकडे वळून बघेना. रात्री मी डब्यातले तांदूळ बघितले आणि एक क्षण वाटलं, जावं. खरं तेच लिहिते. वाटलं.

पण माझी मुलगी मी त्या कातळावर उघड्या डोक्याने पाठवणार नाही. घरात शिजलं नाही तरी नाही. आणि मी नुसती घरातही बसणार नाही. सकाळी बाया घाटी चढतात त्या वाटेवर जाऊन उभी राहणार. प्रत्येकीला विचारणार, दुपारी कुठे बसणार तू? मालक आला तर त्याच्यासमोरही विचारणार. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, हे मला माहीत आहे. आवाज थरथरेल. थरथरू दे.