चॅनल दोनवरची लाट

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली बाई — लग्न होऊन इंदापुरात आले तेव्हा तो डिप्लोमा मंगळसूत्रासारखा मिरवत होते. नवरा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा. त्यांच्याकडे जुना ऑसिलोस्कोप होता, विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारा. तो चालतोय का बघायला हे प्रोबच्या, म्हणजे त्याच्या तपासणीच्या वायरीच्या, टोकाला चक्क बोट लावायचे! अंगात शिरलेली विजेच्या लाईनची घरघर पडद्यावर लाट होऊन उठायची. मी नाक मुरडायचे. ते म्हणायचे, "बाईसाहेब, बोट हाय तवर तपासायला दुसरं मशीन कशाला?" एकदा तर गिऱ्हाइकांसमोर मी त्यांना व्याख्यान दिलं... त्या पोरीला आता कानाखाली द्यावीशी वाटते.

तर — दोन वर्षांमागे ह्यांना, म्हणजे सगळ्या पेठेच्या आबांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बारामतीच्या दवाखान्यात चार दिवस बेशुद्ध. डॉक्टर म्हणाले, आज-उद्या शुद्ध आली तर आली. सुनेनं, सुनीतानं, मला अंघोळीला घरी पिटाळलं. अंघोळ राहिलीच. टेबलावर तो स्कोप उघडा पडलेला. त्यावर दोन वायरींच्या दोन वेगळ्या रेघा दिसतात, दोन चॅनल; त्यातला चॅनल दोन मेला होता, तोच दुरुस्त करताना आबा कोसळले होते. म्हटलं, याला तरी जागं करू.

दुपारचे अडीच. सगळ्या पेठेची लाईट गेलेली, स्कोप आमच्या स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर. प्रोब चॅनल एकला लावला, टोकाला बोट — हो, मीच! लाट आली, चौकोनी, तुटक. अशा इन्व्हर्टरची तशीच असते. लाईनची असते गोल, गुळगुळीत. तोच प्रोब चॅनल दोनला — सपाट रेघ. म्हणजे प्रोब चांगला, दोष आत. चॅनल दोनच्या स्विचवर क्लीनर मारला, दहा वेळा मागेपुढे केला. सपाट. शेवटी स्विच ग्राउंडवर टाकला — म्हणजे बाहेरचं काही आत येत नाही, रेघ सपाटच राहायला हवी — आणि प्रोब काढून मांडीवर ठेवला.

आणि चॅनल दोनवर लाट उठली.

गोल. गुळगुळीत. दोन सेकंद राहिली, गेली. पुन्हा उठली, गेली... कुणी टोकाला बोट लावावं आणि काढावं, तशी. पंखा बंद, रस्त्यावरची गिरणी बंद. चॅनल एक बघितला — सपाट. मी पडद्याला म्हणाले, "अहो, दिसतंय मला. या की आता."

लाट थांबली. त्या सपाट रेघेकडे बघताना जी भीती वाटली, ती लाटेची वाटली नव्हती.

फोन वाजला. सुनीता. "आई, लवकर या! आबांनी डोळं उघडलं! मगापासनं उजव्या हाताचं बोट नुसतं गादीवर टेकवत व्हते..."

"थांबले कधी?"

"आत्ताच. का वो?"

आबा त्यानंतर सात महिने जगले. बोलणं बोबडं, पण टोमणे शाबूत. हे सगळं सांगितलं तर म्हणाले, "आतला जोड सुटलाय त्यो. डिप्लोमा केला कशाला?" आत पाहिलं — खरंच, ग्राउंडचा जोड सुटलेला. सुटलेला जोड आसपासची घरघर पकडतो, मान्य. पण लाईट नसताना लाईनची लाट त्यानं पकडली कुठून? हे विचारलं की आबा चहा मागायचे. मलाही अजून कळलेलं नाही.

सुनीता म्हणते, "आई, स्कोपचा एवढा एकच जोड राहिलाय, डाख मारून टाका की." मी म्हणते, डोळ्यांना दिसत नाही गं.

खोटं बोलते. मोतीबिंदू काढलाय, सुईत दोरा ओवते मी.