सड्यावरचा रिपीटर

पूरग्रस्त भागात आमची तुकडी पाठवायचा हुकूम आला आणि जिल्ह्याचं नाव ऐकून मी लंगरमध्येच, जेवणाचं ताट हातात धरून नाचलो. सातारा. मी सिग्नलचा हवालदार. फौजेनं मला आयुष्यभर एक तर बर्फात ठेवलं, नाहीतर वाळूत. आता सरकारी गाडी, सरकारी डिझेल आणि वाटेत माझं तासगाव. बायकोला सांगितलं, फाट्यावर उभी राहा. गाडी थांबली ती नेमकी दुसऱ्या फाट्यावर, बेदाण्याच्या शेडजवळ. ते भांडण अजून मिटलेलं नाही.

त्या शेडमधून नाईक तानाजी कोळेकरनं जाड प्लास्टिकच्या पिशव्या मागून आणल्या. तानाजी कवठे महांकाळचा, मेंढपाळाच्या घरातला. त्याच्याकडं आभाळ भरून आलं तर लोक फोटो काढतात, असं तो म्हणायचा. पाटणच्या पश्चिमेला डोंगरात पोचलो तेव्हा तो गाडीतून उतरायलाच तयार नव्हता.

"उस्ताद, आमच्याकडं चार वरसात पडंल एवढा हितं ज्येवनाच्या सुट्टीत पडला की." फौजेत खालचा माणूस वरच्याला उस्ताद म्हणतो.

पावसाची सवय असलेल्या माणसानं सेट नुसता खिशात टाकला असता. तानाजीनं आपला वॉकीटॉकी बेदाण्याच्या दोन पिशव्यांत घातला आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली. आम्ही हसलो. सेट मात्र कोरडा राहिला.

मोबाईलचे टॉवर बंद होते. कंट्रोल खालच्या गावातल्या शाळेत, तिथं सुभेदार जाधवसाहेब. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला एक वाडी; तिथली माणसं बाहेर काढायला तानाजी आणि शिपाई शिंदे. मधल्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, मी आणि माझा रिपीटर.

रिपीटर म्हणजे काय, हे मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा समजावतो. हातातला वॉकीटॉकी डोंगर ओलांडून बोलत नाही. म्हणून माथ्यावर एक यंत्र बसवायचं. ते इकडचं ऐकतं आणि त्याच क्षणी तिकडं मोठ्यानं सांगतं, गल्लीच्या तोंडावर बसणाऱ्या मावशीसारखं. फरक एवढाच, ते एका वेळी एकाचंच ऐकतं. कोणी बोलायचं बटण दाबून धरलं, तर बाकी सगळे मुके.

त्या दुपारी पावसानं जरा दम घेतला. मी अँटेनाचा खांब तपासायला बाहेर आलो. खांबाला तीन बाजूंनी तारा होत्या, तिन्ही मी सकाळी सारख्या ताणल्या होत्या. वाडीच्या बाजूची तार आता इतकी ताठ होती की वाऱ्यात गुणगुणत होती. खुंटी सरकली असेल म्हणून खुंटीपर्यंत गेलो. खुंटी घट्ट होती. वळून पाहिलं तर खुंटी आणि खांब यांच्या मध्ये, गवतात, सड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भेग पडली होती. येताना मी तिच्यावरून पाय टाकून आलो होतो. तिच्यात काठी घातली. काठी पूर्ण आत गेली, तळ लागला नाही.

मी भेगेच्या चुकीच्या बाजूला उभा होतो. त्याच बाजूच्या पायथ्याशी वाडी.

अलीकडं कसा आलो ते आठवत नाही. तंबूत शिरून माईक उचलला. रिपीटरवरचा लाल दिवा पेटलेला होता, म्हणजे कोणीतरी बोलत होतं. थांबलो. दिवा विझेना. स्पीकरवर तानाजी बोलत होता, कुणा म्हातारीशी.

"आजे, चल की आता. समदी देवळात जमल्यात."

"अन् म्हशीला कोन बघंल? तुजा बा?"

"माजा बा मेंढरं बघतोय तिकडं. तुजी म्हस बी बघंल. बोलवू का?"

"लय शाना हायस."

त्या बोलण्याखाली प्लास्टिकची चुरचुर चालली होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ट्यूबची पट्टी सरकून बटणावर बसली होती. तानाजीचं बोलणं दोन्ही खोऱ्यांना ऐकू जात होतं, आणि त्याला कोणाचंच ऐकू येत नव्हतं.

एक उपाय होता. रिपीटरच्या कानाची केबल काढायची. मग तो फक्त माझ्या माईकचं सांगेल आणि ते शिंदेच्या सेटवर पोचेल. पोचलं का, हे मात्र मला कळणार नाही. ओल्या बोटांनी कनेक्टर फिरेना. शर्टाच्या टोकात धरून फिरवला.

"ऑल स्टेशन, रिपीटर. वाडीवरचा सडा फाटलाय. वाडी सोडा. डोंगराच्या पूर्वेच्या सोंडेवर चढा. शिंदे, तानाजीचा सेट अडकलाय, त्याला सांग. ओव्हर."

तेच पुन्हा म्हणालो, आणि पुन्हा. समोर नुसतं यंत्र. मग केबल परत लावली.

धापा ऐकू आल्या, मग तानाजीला सांगणारा शिंदेचा आवाज. "उस्ताद, सडा फाटलाय. लगीच निघायचं हाय. तुमचा सेट बी अडकलाय."

"सेट ऱ्हाऊ दे. आजीला पाठीवर घे. समद्यास्नी सोंडंवर काढ."

"आन् तुमी?"

"म्हस बांधल्याली हाय. सोडतो नि आलोच."

मी स्पीकरकडं बघून ओरडलो, "तान्या, मरू दे म्हस." पुन्हा केबल काढून हुकूम दिला असता, पण ऐकणारा सेट शिंदेबरोबर निघून गेला होता. मेंढपाळाच्या घरात बांधलेलं जनावर मागं टाकून माणूस जात नाही. आग असो, पूर असो, आधी दावं.

"हो, हो. दमानं गं बाय. गाठ वली झालीया."

म्हशीचं फुरफुरणं. तानाजीचा श्वास. दोर कापल्याचा करकर आवाज, मग पाठीवर थाप. "जा." चिखलातून खूर निघून गेले.

त्यानंतर डंपरमधून खडी ओतावी तसा आवाज झाला. तो थांबेना. बाहेर ताठ तार तुटली, खांब वाकला, पण उरलेल्या दोन तारांनी धरला.

लाल दिवा विझला. चॅनल मोकळा झाला.

"रिपीटर, कंट्रोल. चॅनल मोकळा. रिपोर्ट द्या. ओव्हर."

मला माईकचं बटण दाबता येईना. शिंदे बोलला. "कंट्रोल, शिंदे. वाडीतली समदी सोंडंवर हायती. आजी बी हाय. म्हस बी आली." त्यानं बटण सोडलं, पुन्हा दाबलं. "तानाजी उस्ताद न्हाईत. ओव्हर."

जाधवसाहेबांनी त्याला कॉल साईननं नाही, नावानं हाक मारली. "तानाजी, कंट्रोल. बोल बाळा." अंधार पडेपर्यंत मारत राहिले. प्रत्येक हाक माझा रिपीटर डोंगरापलीकडं पोचवत होता.

नंतर मी कवठे महांकाळला गेलो. तानाजीचे वडील शिवारात मेंढरं बसवून होते. मी मोठं भाषण पाठ करून गेलो होतो. त्यांनी ते सुरूच होऊ दिलं नाही.

"म्हस बांधल्याली हुती म्हनं."

"व्हय आबा."

"सोडली का त्यानं? का त्याच्या आदीच...?"

"सोडली. दावं कापलं, थाप मारली, मग ती गेली. मी माझ्या कानानं ऐकलंय."



"मंग बरं," आबा म्हणाले, आणि मेंढरांभोवतीचं वाघरीचं जाळं उचलून मेंढरं बाहेर सोडू लागले.