वाकोल्यातली वेगळी खोली

मला टीबी निघाला तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "झोपायला वेगळी खोली आहे ना? खिडकी?"

मी छाती फुगवून सांगितलं, "आहे की! एवढी मोठी, की विमानं आत शिरतात."

विमानं वाकोल्यात डोक्यावरून जातात, एवढंच त्यात खरं. आमची खोली एकच, माणसं तीन आणि तिन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. आमच्याकडे वारासुद्धा आधी चार घरांच्या फुप्फुसांतून फिरून येतो.

"खिडकी कुठे काढलीत हो? माझ्या कपाळात?" बायकोने विचारलं.

आमच्या ऑफिसातल्या पार्ल्याच्या साहेबांना हाच आजार झाला होता. ते मागच्या बेडरूममध्ये गेले, दार लावलं, झालं. मी मागे सरकलो असतो तर थेट शेजाऱ्याच्या मोरीत पडलो असतो.

शेवटी बायकोच सहा वर्षांच्या मुलीला घेऊन कुडाळला माहेरी गेली. अशी मला वेगळी खोली मिळाली. आता ती इतकी मोठी झालीय, की गॅसपासून दारापर्यंत जाताना वाटेत मुक्काम करावा लागतो.

काल बायकोचा फोन आला, मुलीच्या तपासणीत काही निघालं नाही. मग मुलीने फोन घेतला.

"बाबा, मी आता येऊ?"

डॉक्टरीणबाई अजून नको म्हणतात.

"कुठे येतेस गं? इथे इतके पाहुणे आलेत, की मीच दाराबाहेर उभा आहे."

"कोण कोण आलंय?"

तिला पटेपर्यंत मी रिकाम्या खोलीकडे बघत एकेक पाहुणा सांगत राहिलो.