नियमाबाहेरची छिद्रं

ऑफिसात सगळे तिला ‘काटकसर’ म्हणत. घरी तिच्या ओट्यावर वाटी ठेवायला जागा नसे, ते सोडा. सिलिकॉनच्या चिपवर जागा वाचवण्यात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

चिपवरच्या एकाच वाटेनं प्रकाश वेगवेगळ्या रूपांत धावू शकतो आणि प्रत्येक रूप आपला वेगळा निरोप नेतं. एका रूपाचं दुसरं करणारा तुकडा आखणं हे तिचं काम. छिद्रं कुठे पाडायची ते संगणक सुचवतो, ती अटी घालते. त्यातली एक अट मोडायची नसते: कोरणाऱ्या यंत्राला झेपणार नाही इतकं बारीक छिद्र नको.

तिनं ती अट हळूच सैल केली आणि अटी पाळल्यात का ते पाहणाऱ्या नियमतपासणीतून तेवढा तुकडा वगळला. तुकडा निम्म्यावर आला. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, बाई हवेत!

चिप बनून आल्या त्या सगळ्या नापास. छिद्रं अर्धवट, काही तर बुजलेलीच. प्रकाश वाटेतच सांडत होता. बैठकीत साहेबांनी कोरकामाच्या काकांकडे पाहिलं. उभी हयात त्या यंत्रापाशी काढलेला माणूस मान खाली घालून म्हणाला, “माझंच काहीतरी चुकलं असणार.” तिनं चहाचा कप तोंडाला लावला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर शेजारी बसून चहा पितोय!

“काय गं, जेवत का नाहीस?” घरी आईनं विचारलं.

“भूक नाही.”

भूक होती. स्वतःची लाज वाटत होती.

सकाळी काका तिच्या टेबलापाशी आले. यंत्र सोडून त्यांनी गोदामात बदली मागून घेतली होती.

“पोरी, तुझी एवढी मेहनत मी मातीत घातली. नजर गेली बहुतेक माझी. माफ कर.”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “काका, तुमचं काही चुकलं नाही. छिद्रंच मी नको तितकी बारीक ठेवली. चला, आत्ताच साहेबांना सांगते.”

सांगितलं. साहेब तणतणले, त्यांनी तिच्याकडून ते काम काढून घेतलं आणि काकांची बदली रद्द केली. केबिनबाहेर आल्यावर तिला वाटलं, काकांनी आता दोन शिव्या हासडाव्यात. त्यांनी आवाजही चढवला नाही.

“बैठकीत मी कबूल करत होतो, तेव्हा तू माझ्या शेजारीच होतीस ना?”

“हो.”

“बरं, मॅडम,” म्हणून काका यंत्राच्या खोलीकडे वळले.